काळ्या कातळाचं बाळपण : कॅम्परव्हॅनमधून आइसलंड

मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी आठवी-नववीच्या पोरांसमोर फळ्यावर तेच चित्र काढते : जमिनीला भेग पडली, लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असंच होत होत दख्खनचं पठार तयार झालं आणि पुढे त्यातून सह्याद्री कोरला गेला. माझी आणि नवऱ्याची ओळखही त्याच कातळावर झाली, हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर. त्यामुळे बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा हा काळा दगड, आमच्या घरातला शब्द आहे. पण तो दगड जन्माला येताना कसा दिसतो, हे दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. जिथे हे काम अजून चालू आहे असा एक अख्खा देश आहे, तर तिथे जायचं, हे बरीच वर्षं मनात होतं. गेल्या सप्टेंबरात ते जमलं.

दिवस पहिला

केफ्लाविक विमानतळाबाहेर पडलो तेव्हा आडवा पाऊस चालू होता. व्हॅन ताब्यात घेताना तिथल्या मुलाने इंजिनाबद्दल दोन मिनिटं सांगितलं आणि दाराबद्दल दहा मिनिटं. दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची. वाऱ्याने दार उपसलं तर तो खर्च विम्यात बसत नाही. दिवे दिवसाही लावलेले हवेत. डांबरी रस्त्याला वेगाची मर्यादा ९०, खडीच्या रस्त्याला ८०. ‘एफ’ने सुरू होणाऱ्या आतल्या डोंगरी रस्त्यांवर आमची गाडी न्यायचीच नाही. आणि रात्री मुक्काम कॅम्पसाइटवरच. पूर्वी लोक कुठेही गाडी लावून झोपत, आता कायद्याने ते बंद आहे.

मागे पलंग, पायाशी छोटं सिंक, एक शेगडी, डिझेलवर चालणारा हीटर. एवढाच संसार. घरून भाजणी, बेसन, तांदूळ, मसाले, वेलदोडे आणि केशराची डबी आणली होती. वाटेतल्या सुपरमार्केटमधून बटाटे, कांदे, राय ब्रेड आणि स्कीर घेतलं. स्कीर म्हणजे तिथला हजारेक वर्षं जुना दुधाचा पदार्थ. डबा उघडून चमचा घातला आणि मी थबकले. हा तर चक्का! तसाच घट्ट, तसाच किंचित आंबट. साखर, वेलची आणि दुधात भिजवलेलं केशर घालून घोटलं. थिंगवेट्लिरच्या कॅम्पसाइटवर बाहेर सहा अंश तापमान असताना आम्ही पहिल्या रात्री श्रीखंड खाल्लं.

दिवस दुसरा

थिंगवेट्लिरला सकाळी लवकर बाहेर पडलो तर आलमान्नाग्याउच्या घळीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. डाव्या हाताला काळ्या कातळाची उभी भिंत, उजवीकडे तिच्यापासून तुटून झुकलेली दुसरी. उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, एकीकडे, युरेशियाचा दुसरीकडे, आणि मधली जमीन ताणून खचलेली. हे दोन पट्ट एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर दूर सरकतात. ह्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि दोन हात समोर धरून अंतर दाखवलं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, तेवढ्यात छत्तीस सेंटीमीटर. शाळेतली फूटपट्टी ठेवून वर थोडं उरेल इतकं. मी त्याच्या दोन तळव्यांमधल्या त्या जागेकडे बघत राहिले. इतकी वर्षं शिकवलेला आकडा मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

याच घळीच्या काठावर इ. स. ९३० पासून देशाची सभा, आल्थिंगी, भरायची. लिखित कायदा नव्हता तेव्हा एक माणूस खडकावर उभा राहून कायदे तोंडपाठ म्हणायचा, दर उन्हाळ्यात एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे. मागच्या कातळावर आवाज आपटून खाली बसलेल्यांपर्यंत पोचत असणार. १७ जून १९४४ ला देश प्रजासत्ताक झाला, तोही इथेच.

दुपारी स्त्रोक्कुर. गरम पाण्याचा हा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. सगळे कॅमेरे वरच्या फवाऱ्याकडे असतात, पण खरी जादू त्याआधीच्या अर्ध्या क्षणात आहे. कुंडातलं पाणी आधी आत ओढलं जातं, मग त्याचा एक निळाशार घुमट फुगून येतो, काचेसारखा गुळगुळीत, आत वाफेचा पांढरा गोळा दिसतो आणि मग तो फुटतो. तो घुमट नीट दिसावा म्हणून आम्ही सात वेळा थांबलो.

गुटलफॉसचा धबधबा दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली कोसळतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीज प्रकल्प करायचा घाट होता. जवळच्या शेतावरच्या सिग्रिदुर तोमासदोत्तिर या बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, रेक्याविकपर्यंत पायी खेटे घातले. प्रकल्प झाला नाही. त्यांचा चेहरा कोरलेला दगड तिथे उभा आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की मागून पाण्याचा आवाज येत राहतो, तो त्यांच्यामुळे.

दिवस तिसरा

सेल्यालान्ड्सफॉसच्या मागून चालत जाता येतं. पडद्याआडून बाहेरचं हिरवं कुरण थरथरताना दिसतं. सह्याद्रीत पावसाळ्यात असे धबधबे अनेक पाहिलेत, पण ते चार महिन्यांचे, हा बारमाही. वर हिमनदी आहे म्हणून. पुढे स्कोगाफॉस, ६० मीटर उंच. त्याच्या मागे ढगात एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी, ज्याच्या राखेने २०१० च्या एप्रिलमध्ये युरोपची विमानं जमिनीवर बसवली होती. त्या दिवशी तो दिसला नाही.

रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर मात्र पाय निघेना. तिथे आधी पाटी वाचायची. या किनाऱ्यावरच्या लाटा फसव्या आहेत : लहान लहान येत राहतात आणि मधेच एखादी अचानक खूप आत येऊन माणूस ओढून नेते. माणसं गेली आहेत इथे. धोक्याचा दिवा पिवळा होता, म्हणून आम्ही पाण्याच्या बाजूला अजिबात न जाता कड्याच्या कडेने गेलो. आणि तिथे ते खांब. सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून उभे, खालचे आखूड, वरचे उंच, देवळाच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले.

हे कोणी घडवलेले नसतात. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होताना आक्रसतो, आक्रसताना तडे जातात, आणि ते तडे पृष्ठभागापासून आत आत सरकत जातात. वाळलेल्या तळ्यातला चिखल भेगाळतो तसंच, फक्त खोलवर. मी हातमोजा काढून एका खांबावर तळवा टेकवला. गार, खरखरीत, बारीक भोकं असलेला. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच खांब आहेत, इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेले. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेले आहे. तोच स्पर्श होता. ह्याने विचारलं, ‘ओळख पटली का?’ मी नुसती मान हलवली. बूट काढले तर आत मूठभर काळी वाळू निघाली, ती पुढे शेवटपर्यंत व्हॅनभर सापडत राहिली.

दिवस चौथा

या दिवसासाठी मी मुळात आले होते.

वीक गाव सोडलं की थोड्या वेळाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन विचित्र होते. गोल गोल उंचवटे, क्षितिजापर्यंत, आणि सगळ्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची गोधडी. एल्डह्राउन नाव या भागाचं. एल्ड म्हणजे आग, ह्राउन म्हणजे लाव्हाचं मैदान. गाडी थांबवायच्या जागी थांबवून बाहेर आलो. शेवाळावर पाय द्यायचा नाही, उमटलेला ठसा वर्षानुवर्षं भरून येत नाही. मी वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून वाकून पाहिलं. वितीएवढा जाड थर, मऊ, ओला, आणि एका फटीतून आतला काळा दगड डोकावत होता. अडीचशे वर्षांत त्या दगडावर एवढंच उगवलं आहे. झाड नाही, झुडूप नाही.

८ जून १७८३. इथून वरच्या अंगाला लाकीपाशी जमीन जवळपास २७ किलोमीटर लांब उसवली. एक शिखर, एक तोंड असा ज्वालामुखी नव्हे. शेकड्याच्या वर मुखांची रांगच्या रांग. आठ महिने लाव्हा येत राहिला. त्याने ५६५ चौरस किलोमीटर जमीन गिळली. पण माणसं मुख्यतः लाव्हाने मेली नाहीत. हवेत गेलेल्या वायूंनी गवत विषारी झालं, फ्लोरिन खाऊन जनावरांची हाडं आणि दात बिघडले, निम्म्याहून जास्त गुरं-मेंढरं मेली आणि पाठोपाठ दुष्काळ. देशातला दर पाचातला एक माणूस गेला.

पुढच्या गावाचं लांबलचक नाव सगळे नुसतं क्लाउस्तुर असं म्हणतात. २० जुलै १७८३ ला तिथले धर्मगुरू योन स्तेनग्रिम्सोन यांनी चर्चमध्ये प्रार्थना चालवली. लाव्हा गावाकडे येत होता, ही शेवटचीच प्रार्थना असं सगळ्यांना वाटत होतं. प्रार्थना संपवून लोक बाहेर आले तर प्रवाह गावाच्या अलीकडे थांबलेला होता. ‘अग्नीची प्रार्थना’ म्हणूनच तो दिवस तिथे ओळखला जातो. त्यांच्या नावाचं लहानसं चर्च आज गावात आहे.

गावाबाहेर शेतात ‘किर्क्युगोल्फ’, म्हणजे चर्चची फरशी, नावाची जागा आहे. खांबांची फक्त डोकी जमिनीच्या पातळीत घासून सपाट झालेली, षटकोनी शहाबादी बसवावी तशी. तिथे बसून आम्ही थालीपीठ आणि उरलेलं स्कीर खाल्लं, आणि मला एकदम जे वाटलं ते सांगते. लाकी म्हणजे ५६५ चौरस किलोमीटर. दख्खनचा बेसॉल्ट आज उरलेला आहे तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, आणि तोही अशाच भेगांमधून, थरावर थर, आलेला. मी फळ्यावर खडूने दोन रेघा मारून ‘लाव्हा पसरला’ असं म्हणते, त्या दोन शब्दांत काय काय होतं! केवढा धूर, केवढा काळ, किती जीव. राजगडावर, रायगडावर, ज्या कातळाला टेकून आम्ही डबे सोडले तो या सगळ्यातून आलेला आहे. ह्याने काही न बोलता उरलेलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं.

त्यापुढचं स्केदाराउरसांदुर हे नद्यांनी आणलेल्या वाळूचं अफाट मैदान. वातनायोकुत्ल हिमनदीखाली झालेल्या उद्रेकाने बर्फ वितळलं, नोव्हेंबर १९९६ मध्ये पूर आला आणि इथला पूल वाहून गेला. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर रस्त्याकडेला ठेवले आहेत. हाच रस्ता पूर्ण व्हायला १९७४ उजाडलं होतं, तेव्हा कुठे देशाला पूर्ण फेरी मारता येऊ लागली.

योकुल्साउरलोनला संध्याकाळ झाली. हिमनदी मागे सरत गेली आणि तिच्या जागी हे सरोवर तयार झालं. साधारण नव्वद वर्षांपूर्वी ते नव्हतंच. निळे हिमखंड तरंगत समुद्राकडे जातात, मधूनच एक सील डोकं वर काढतो. सुंदर आहे, यात वाद नाही. पण जे दिसतंय ते वितळणं आहे हे कळत असल्यामुळे माझ्याच्याने फार वेळ तिथे उभं राहवलं नाही. रात्री होप्नला मुक्काम.

दिवस पाचवा आणि सहावा

पहाटे तीनला हीटर बंद पडला. भाड्याने देणाऱ्यांच्या नंबरवर फोन केला तर ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढंच उत्तर मिळालं, असं तीनदा. दोघांचे सगळे कपडे एकावर एक घालून आणि हातात गरम पाण्याच्या बाटल्या धरून सकाळ केली. नंतर कॅम्पसाइटवरच्या एका जर्मन आजोबांनी पाहून सांगितलं, बॅटरी उतरली आहे, रोज थोडं तरी अंतर चालवल्याशिवाय ती भरणार नाही. त्यांनी आपल्या गाडीतून केबल काढून दिली. आम्ही त्यांना आल्याचा चहा दिला.

हवामान खात्याचा इशारा पिवळ्याचा नारिंगी झाला तेव्हा आम्ही द्यूपिवोगुरला पोचलो होतो. पोचलो म्हणजे शेवटचे वीस किलोमीटर हा दात आवळून, सुकाणू दोन्ही हातांनी धरून, चाळीसच्या वेगाने आला. एकेरी पुलावर व्हॅन एक हात बाजूला सरकली तेव्हा माझे हातपाय गार पडले. गावात शिरून गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावली तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढे सव्वा दिवस आम्ही हललो नाही. व्हॅन रात्रभर पाळण्यासारखी हलत होती. पिठलं-भात केला, बाहेर वाऱ्याचा घोंघाट, काचांवर वाफ. मुलांचे निबंध तपासायचे राहिले होते, ते तपासले.

वारा पडल्यावर पाच किलोमीटरवरच्या तेयगारहोर्नला गेलो. झिओलाइट स्फटिकांसाठी ही जागा जगात ओळखली जाते आणि ती संरक्षित आहे, एक खडासुद्धा उचलता येत नाही. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे लाखो वर्षं गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत हे पांढरे, गुलाबीसर स्फटिक वाढतात. पुण्याच्या, नाशिकच्या, जळगावच्या खाणींतून निघणारे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत; माझ्या वर्गातल्या कपाटात दोन तुकडे आहेत. इथे ते समुद्रकिनाऱ्यावर कातळात जसेच्या तसे जडलेले होते.

त्यात हे पूर्वेचे फ्योर्ड, समुद्र आत शिरलेल्या खोल दऱ्या, म्हणजे देशातला जुना भाग. डोंगरांकडे पाहिलं आणि दोघेही एकदम म्हणालो, ‘अरे, हा तर आपला घाट!’ आडवे थर, पायरीवर पायरी, मधूनमधून तांबड्या मातीची बारीक रेघ. दोन उद्रेकांमध्ये जेवढा काळ गेला त्यात वरची जमीन कुजून लाल झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून झाकली. ताम्हिणीत, माळशेजात रस्त्याकडेला ही रेघ कितीदा पाहिली आहे. फरक एवढाच की इथल्या डोंगरांना बर्फाने कोरलं, आपल्याकडच्यांना पावसाने.

दिवस सातवा

स्तुद्लागिल. खांबांची अख्खी दरी, आणि ती काही वर्षांपूर्वीपर्यंत पाण्याखाली होती. वर काराह्न्युकार धरण झालं, नदीचं पाणी वीजनिर्मितीकडे वळलं, पातळी उतरली आणि हे उघडं पडलं. फोटोंत पाणी हिरवं-निळं असतं. पण उन्हाळ्याअखेर धरण भरून वाहू लागलं की गढूळ होतं, तसं ते आम्हाला राखाडी मिळालं. मला वाईट वाटलं नाही. तो त्या नदीचा मूळचा, हिमनदीच्या गाळाचा रंग होता.

संध्याकाळी मीवात्न सरोवर.

दिवस आठवा

क्वेरिरला गाडीचं दार उघडताच सडक्या अंड्यांचा वास. हायड्रोजन सल्फाइडचा. पिवळी, विटकरी जमीन, आणि करड्या चिखलाची उकळती डबकी. एका डबक्यापाशी मी बराच वेळ उभी होते. चिखलाचा बुडबुडा सावकाश फुगतो, ‘भद्द’ आवाज करून फुटतो, आणि त्याची वर्तुळं पुढचा येईपर्यंत तशीच राहतात. जमीन आजारी नाही, ती शिजते आहे.

तिथून क्राप्ला. १९७५ ते १९८४ या नऊ वर्षांत इथे नऊ उद्रेक झाले. लेर्ह्न्युकुरच्या वाटेवरचा लाव्हा माझ्याहून वयाने लहान आहे! अजून पुरतं शेवाळही धरलेलं नाही. पीळ पडलेल्या दोरखंडासारख्या वळ्या, टवका उडालेल्या कडा काचेसारख्या धारदार, आणि फटींतून उबदार वाफ. मी हात फटीवर धरला. चहाच्या कपावर धरावा तेवढी ऊब. जवळच वीज केंद्र आहे, याच वाफेवर चालणारं. देशातली नव्वद टक्के घरं जमिनीतल्या उष्णतेने गरम होतात. जिने मारलं तीच जमीन यांना पोसते, आणि ही माणसं तिचा राग धरत नाहीत. गावच्या तरणतलावात गरम कुंडात बसलेल्या एका आजींना मी विचारलं, ‘भीती नाही वाटत?’ त्या म्हणाल्या, ‘पाणी छान आहे ना?’

मीवात्नच्या काठच्या रेक्याह्लिदच्या चर्चलाही १७२९ मध्ये लाव्हाने दोन्ही बाजूंनी वळसा घातला आणि ते वाचलं. कडेला तो काळा लोट आजही दिसतो. रात्री त्याच आकाशात उत्तरप्रकाश आला, हिरवा, पडद्यासारखा. आम्ही पलंगावरूनच मागचं दार उघडून पाहिला, पांघरुणात, बोलणं बंद करून.

दिवस नववा, दहावा

गोदाफॉस पाहिला. इ. स. १००० च्या सुमारास देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर थोर्गेर या सरदाराने आपल्या जुन्या देवांच्या मूर्ती या पाण्यात सोडल्या, असं सांगतात; नावाचा अर्थही ‘देवांचा धबधबा’. आकुरेरीत लाल सिग्नल हृदयाच्या आकाराचा असतो. डोंगरांवरून मेंढरं खाली आणायचा हंगाम होता, दोनदा कळपासाठी गाडी बंद करून थांबलो. बाकी नुसतं चालवणं.

दिवस अकरावा

रेक्याविकच्या हाट्लग्रिम्सकिर्क्यासमोर उभं राहिल्यावर या देशाचा वास्तुविचार कळतो : चर्चचा दर्शनी भाग बेसॉल्टच्या खांबांसारखाच चढत जातो. पण आमचं लक्ष शेवटच्या टप्प्याकडे होतं, ग्रिंदाविककडे.

१० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री साडेतीन हजारांहून अधिक लोकांचं हे अख्खं गाव रिकामं केलं गेलं. जमिनीखालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, सरकत होता. जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावाच्या वेशीत शिरला, घरं जळाली. त्यानंतर पुन्हा पुन्हा उद्रेक. गावाकडे जाणारा रस्ता लाव्हाखाली गेला, तर त्यांनी थिजलेल्या लाव्हावरूनच नवा रस्ता केला. आम्ही त्यावरून गेलो. दोन्ही बाजूंना कोळशासारखा काळा, ताजा, उंच ढीग. बारीक पाऊस होता आणि तो थेंब थेंब दगडावर पडून वाफ होत होता. बाजूला मातीचे प्रचंड बांध, प्रवाह वळवण्यासाठी घातलेले. गावात एका घराच्या खिडकीत अजून फुलदाणी होती. तिचा फोटो काढवला नाही.

गाडी कडेला लावून आम्ही खाली उतरलो, रस्ता सोडला नाही. साडेसहा कोटी वर्षं आणि दोन वर्षं. तोच दगड.

विमानतळाजवळच्या कॅम्पसाइटवर व्हॅन रिकामी केली. गाद्या उचलल्या तर खाली रेनिसफ्याराची ती वाळू. ह्याने केरसुणीने सगळी गोळा केली, कोपऱ्यातली सुद्धा, आणि बाहेर जाऊन गवतापलीकडच्या काळ्या खडकात झटकून आला. केशराच्या डबीत दोन काड्या उरल्या होत्या. त्या शेवटच्या चहात टाकल्या.